जिमी रॉजर्स : रसिकांची स्मृती आणि इतिहासाचे साधन

२६ मे १९५३ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील मेरिडियन या रेल्वेच्या गावी हजारो लोक एकत्र जमले होते. ज्याच्या स्मारकाचे अनावरण व्हावयाचे होते, त्या जिमी रॉजर्सला निवर्तून त्या दिवशी बरोबर वीस वर्षे झाली होती. हा सोहळा घडवून आणण्यासाठी विशेष खटपट केली ती अर्नेस्ट टब आणि हँक स्नो या दोन गायकांनी. दोघेही त्या वेळी स्वतः कीर्तीच्या शिखरावर होते. एक टेक्ससचा, दुसरा थेट कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा. टबची आणि रॉजर्सची आयुष्यात कधी गाठ पडलेली नव्हती. स्नोनेही त्याला ओळखले ते तबकड्यांवरूनच. तरी १९३६ साली झालेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने जिमी रॉजर्स स्नो असे ठेवले. प्रत्यक्ष सहवासावाचून, केवळ ग्रामोफोनच्या द्वारे जडलेली अशी निष्ठा हा विसाव्या शतकातच संभवणारा प्रकार होय. या निष्ठेतून जी स्मृती निर्माण झाली तिचे साधन म्हणून मोल काय, हा प्रश्न केवळ संगीताच्या इतिहासापुरता नाही.

रॉजर्सचा जन्म ८ सप्टेंबर १८९७ चा. वडील रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीवरील मुकादम. मुलगाही लहान वयातच त्याच कामात शिरला. प्रथम मजुरांना पाणी पुरविणारा पोऱ्या आणि पुढे गाडीचे ब्रेक सांभाळणारा ब्रेकमन, असा त्याचा क्रम होता. १९२४ साली क्षयरोगाचे निदान झाले आणि ती मेहनतीची नोकरी त्याला झेपेनाशी झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल येथे व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअर यांनी त्याची पहिली दोन गीते मुद्रित केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅम्डेन येथे मुद्रित झालेल्या ‘ब्लू योडेल’ने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. तेथून मृत्यूपर्यंत जेमतेम साडेपाच वर्षे. शेवटच्या मुद्रणाच्या वेळी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकलेली होती. दोन गाण्यांच्या मध्ये तो तिच्यावर पडून राही. २६ मे १९३३ रोजी तेथील एका हॉटेलात त्याचा अंत झाला. वय अवघे पस्तीस.

रसिकांनी त्याला ‘गाणारा ब्रेकमन’ म्हणून लक्षात ठेवले. हे बिरुद खोटे नव्हे, परंतु ते निरागसही नव्हे. गायक म्हणून त्याचे नाव झाले तेव्हा त्याची रेल्वेची नोकरी सुटून गेलेली होती. आणि १९२९ साली याच नावाचा जो छोटा बोलपट निघाला त्यात ब्रेकमनचा वेष त्याने नट म्हणूनच परिधान केला होता. त्याच काळातील अन्य छायाचित्रांत तो गवती हॅट घातलेला शहरी छानछोकीचा गृहस्थ म्हणून, तर कधी गुराख्याच्या वेषात दिसतो. या अनेक रूपांतून रसिकांनी रेल्वेचेच रूप का निवडले? जाहिरातीचा वाटा मोठा खराच. पण जाहिरात जे पुढे करते ते सारेच लोक जतन करीत नाहीत. मंदीच्या वर्षांत मालगाड्यांवर चढून काम शोधीत भटकणाऱ्यांना आगगाडीच्या शिट्टीची नक्कल करणारा हा आवाज आपला वाटला असल्यास नवल नाही.

दक्षिणेतील शेतकरी दुकानात जाऊन ‘एक पौंड लोणी, डझनभर अंडी आणि जिमी रॉजर्सची नवी तबकडी’ मागत, ही त्याच्या चाहत्यांची आवडती आख्यायिका. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार देता येत नाही. उलट मंदी तीव्र झाल्यावर तबकड्यांचा धंदा पार बसला आणि रॉजर्सचा खपही त्यासरशी घसरला, ही गोष्ट निश्चित आहे. पाऊण डॉलरची तबकडी ही तेव्हा गरिबाला चैनच होती. म्हणून विक्रीचा पुरावा या नात्याने ही कथा निरुपयोगी ठरते. मात्र पुढील काळात लोकांना ते दिवस कसे आठवावेसे वाटले, याचा ती उत्तम पुरावा आहे. साधनचिकित्सेत हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात आणि ते एकत्र केल्याने पुष्कळ घोटाळे झालेले आहेत.

स्मृतीची ही परंपरा मृत्यूनंतर लगेच सुरू झाली. १९३३ मध्येच जीन ऑट्री याने श्रद्धांजलीपर गीते मुद्रित केली. १९३५ साली पत्नी कॅरी रॉजर्स यांनी पतीचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढील लेखकांनी त्याचा यथेच्छ उपयोग केला, आणि तो करताना ते एका विधवेचे प्रेमाने लिहिलेले पुस्तक आहे याचा त्यांना अनेकदा विसर पडला. याच कॅरीबाईंनी तरुण टबला पतीची गिटार वापरावयास दिली व १९३६ साली त्याच्या पहिल्या मुद्रणाची सोय करून दिली. ती गिटार टबने कित्येक वर्षे वाजविली. पुढे ती मेरिडियन येथील संग्रहालयात गेली. प्रारंभी टब रॉजर्सची हुबेहूब नक्कल करी. १९३९ मध्ये टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला योडेल करता येईना. मग निरुपायाने त्याने आपली निराळी शैली शोधली व तिनेच त्याला यश दिले. गुरूची वस्तू हाती राहिली, गुरूचा गळा मात्र सुटला.

परंतु या आठवणींत कोण येत नाही, हेही पाहावयास हवे. रॉजर्सच्या अनेक गीतांच्या रचनेत त्याची मेहुणी एल्सी मॅकविल्यम्स हिचा हात होता. काही गीतांवर तिचे नाव आले, काहींवर आले नाही. श्रेयासाठी तिने आग्रहही धरला नाही. नॅशव्हिलच्या गीतकार-मंडळाने तिचा गौरव केला तो १९७९ साली. रॉजर्सला मात्र कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात १९६१ मध्ये, पहिल्याच निवडीत स्थान मिळाले होते. तसेच ब्लूजचा जो बारा मात्रागणांचा साचा ‘ब्लू योडेल’मध्ये आढळतो, तो कृष्णवर्णीयांच्या गायनपरंपरेतला. रेल्वेमार्गावरील कृष्णवर्णीय मजुरांकडून हे गाणे रॉजर्सने उचलले असे सर्वच चरित्रकार सांगतात. त्या मजुरांची नावे कोणीच सांगत नाही. १६ जुलै १९३० रोजी हॉलिवूडमध्ये मुद्रित झालेल्या नवव्या ‘ब्लू योडेल’मध्ये ट्रम्पेट वाजविली ती लुई आर्मस्ट्राँगने, पियानोवर होती त्याची पत्नी लिल. तबकडीच्या लेबलावर दोघांचीही नावे नाहीत. १९७० मध्ये जॉनी कॅशने आर्मस्ट्राँगला आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बोलावून तेच गीत पुन्हा सादर केले, तेव्हा असंख्य चाहत्यांना ही गोष्ट प्रथमच समजली असावी.

सर्वांत विलक्षण उदाहरण अमेरिकेबाहेरचे आहे. रॉजर्सच्या तबकड्या ब्रिटिश साम्राज्यात दूरवर पोहोचल्या होत्या. हिंदुस्थानातही त्या ‘ट्विन’ या छापाखाली विक्रीस आल्या. १९५० साली ह्यू ट्रेसी हे संगीतसंग्राहक केनियातील किप्सिगिस लोकांत गेले असता त्यांना ‘चेमिरोचा’ नावाची गीते ऐकावयास मिळाली. ट्रेसींच्या मते हे नाव म्हणजे ‘जिमी रॉजर्स’ याच नावाचे स्थानिक रूप होते. एका गीतात तंतुवाद्याच्या साथीने तरुण मुली गात होत्या. त्यांच्या कल्पनेतला चेमिरोचा अर्धा माणूस व अर्धा हरिण होता, असे ट्रेसी नमूद करतात. ज्याचा चेहरा पाहिला नाही, ज्याची भाषा कळत नाही, अशा आवाजाला त्या मुलींनी आपल्या ओळखीचे शरीर दिले. ट्रेसींचा अर्थ कितपत अचूक होता हा भाषाशास्त्रज्ञांचा विषय आहे. परक्या टिपणकाराच्या शब्दावर सर्व भिस्त ठेवणे येथेही धोक्याचेच. या मुद्रणांच्या प्रती साठ वर्षांहून अधिक काळानंतर किप्सिगिस गावांत परत नेण्यात आल्या आणि तेथील वृद्धांना त्या ऐकविण्यात आल्या.