बडोद्याची दिवाबत्ती: एका कामवाटपाचा इतिहास

बडोद्यातील रस्त्यांवरच्या दिव्यांची जबाबदारी आज दोन संस्थांकडे आहे. दिवा महानगरपालिकेचा आणि वीज मध्य गुजरात वीज कंपनीची. तेलाच्या दिव्यांच्या काळात अशी वाटणी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. विजेबरोबर ती आली, संस्थान विलीन झाल्यावर पक्की झाली आणि आता वीज आयोगाच्या दरपत्रकात तिची कलमे लिहिलेली आहेत.

दिवटी, मशाल आणि बंद दरवाजे

जुने बडोदे तटाच्या आत होते. पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट असे चार दरवाजे, आणि चारही वाटा जिथे मिळतात तिथे मांडवी. अशा शहरात अंधार पडल्यावर ये-जा थांबत असे, त्यामुळे सार्वजनिक दिव्यांची निकड फारशी भासत नसे. उजेड माणसाबरोबर चाले. सरदाराच्या किंवा सावकाराच्या पुढे दिवट्या धावे, त्याच्या एका हातात दिवटी आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली असे. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात मशाल धरण्याचे काम न्हाव्याकडे असे. देवळापुढची दीपमाळ उत्सवापुरती पेटे. उजेड ही मानमरातबाची आणि सणावाराची बाब होती. रस्त्याला स्वतःचा दिवा असावा ही कल्पनाच नवी होती.

म्युनिसिपालिटी आणि रॉकेल

1875 मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि सयाजीराव तिसरे दत्तक आले. त्यांच्या अज्ञानकाळात सर टी. माधवराव दिवाण होते. याच सुमारास बडोद्यात म्युनिसिपालिटीच्या कारभाराचा पाया पडला. सफाई, रस्ते, पाणी आणि दिवाबत्ती ही कामे दरबाराच्या किरकोळ खर्चातून बाहेर पडून शहराच्या नियमित कारभारात आली. 1901 च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या सुमारे 1,04,000 होती. एवढ्या वस्तीला रात्रीचा किमान उजेड पुरवणे हे आता सरकारी कर्तव्य मानले जाऊ लागले.

हा उजेड शक्य झाला तो खनिज तेलामुळे. एरंडेल किंवा खोबरेल यांच्यापेक्षा रॉकेल स्वस्त पडे आणि काचेच्या कंदिलात स्थिर जळे. खांबावरच्या कंदिलाची निगा मात्र रोजची होती. दुपारी काच पुसून काजळी काढायची, वात कातरायची, तेल भरायचे, आणि संध्याकाळी शिडी खांद्यावर टाकून खांबाखांबाला फिरायचे. हिंदुस्थानातल्या बहुतेक नगरपालिकांत तेल आणि दिवे लावण्याचे काम मक्त्याने दिले जाई. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी चांदण्या रात्री दिवे न लावण्याची रीतही सर्वत्र होती. त्यामुळे दिवाबत्तीचे अंदाजपत्रक पंचांगाला बांधलेले असे.

या व्यवस्थेत देखभाल आणि पुरवठा वेगळे नव्हते. तेल घालणारा, काच पुसणारा आणि काडी लावणारा एकच. दिवा विझलेला दिसला तर जबाब कोणाला विचारायचा हे उघड होते.

मुंबईने या टप्प्यावर वेगळी वाट धरली. तिथे 1865 मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे आले आणि गॅस पुरवणारी होती खाजगी कंपनी. दिवाबत्तीत पालिका गिऱ्हाईक आणि कंपनी पुरवठादार असे नाते पश्चिम हिंदुस्थानात तिथपासून दिसते. 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावण्यात आले, पण ते बसवणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर आले. पुरवठादार कोलमडला की पालिकेचा दिवाही विझतो, हा धडा मुंबईला तेव्हाच मिळाला.

वीज आल्यावर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बडोद्यातही विजेचे दिवे आले आणि दिव्याचे दोन भाग झाले. खांबावरचा बल्ब एका ठिकाणी आणि त्याला पेटवणारी शक्ती दूर वीजघरात. या दोहोंमधली तार कोणाची, हा प्रश्न तेलाच्या काळात नव्हता.

ब्रिटिश मुलखात या प्रश्नाला 1910 च्या वीज कायद्याने उत्तर दिले. वीज पुरवण्याचा परवाना घेणाऱ्याला, स्थानिक संस्थेने किमान 7 वर्षांसाठी मागणी केल्यास, आपल्या वाहिनीजवळच्या सार्वजनिक दिव्यांना वीज देणे बंधनकारक होते. पुरवठादाराने नफ्याच्या वस्त्या निवडून रस्ते अंधारात ठेवू नयेत आणि पालिकेनेही मन मानेल तेव्हा जोडणी सोडू नये, असा हा दुहेरी बंदोबस्त होता. बडोद्यासारख्या संस्थानाला ब्रिटिश कायदे आपोआप लागू होत नसत. तिथे म्युनिसिपालिटीचे अधिकार दरबाराने दिलेले आणि विजेबद्दलचा निर्णयही दरबाराच्या हाती. म्युनिसिपालिटी आणि वीजपुरवठादार यांच्यात खटका उडाला तरी तो सोडवणारा धनी एकच होता.

1949 ते 1960: एकाचे दोन

1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा एक धनी नाहीसा झाला. 1950 मध्ये मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, 1949 खाली बडोद्यात महानगरपालिका स्थापन झाली. या अधिनियमात सार्वजनिक रस्ते, पालिकेचे बाजार आणि तिच्या ताब्यातील सार्वजनिक इमारती प्रकाशित ठेवणे हे महानगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य म्हणून नमूद आहे. सवड मिळाल्यास करायच्या ऐच्छिक कामांत ते मोडत नाही.

विजेचा कारभार मात्र दुसरीकडे चालला. 1948 च्या वीज पुरवठा कायद्याने प्रत्येक राज्यात वीज मंडळ स्थापन करण्याची तरतूद केली. 1 मे 1960 रोजी गुजरात राज्य झाले तेव्हा गुजरात वीज मंडळाचे मुख्यालय बडोद्यातच राहिले, रेसकोर्स भागात. महानगरपालिकेचे कार्यालय सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या खंडेराव मार्केटच्या इमारतीत. दोन्ही मुख्यालये एकाच शहरात, पण एक मतदारांना उत्तरदायी आणि दुसरे राज्य सरकारला.

शेजारच्या शहरांत चित्र वेगळे होते. अहमदाबादेत 1913 पासून आणि सुरतेत 1920 पासून खाजगी वीज कंपन्या होत्या. मुंबईने सर्वांत सरळ मार्ग घेतला. 7 ऑगस्ट 1947 रोजी पालिकेने वीज आणि ट्राम चालवणारी कंपनीच विकत घेतली आणि तिचा बेस्ट उपक्रम केला. त्यामुळे मुंबई शहर भागात रस्त्यावरचा दिवा आणि त्याची वीज अखेर एकाच पालिकेच्या छत्राखाली आली. बडोद्यातला पुरवठादार खाजगी नव्हता आणि पालिकेचाही नव्हता, तो सरकारी मंडळ होता. म्हणून इथे दिवाबत्तीचे गाडे दोन सार्वजनिक संस्थांच्या पत्रव्यवहारावर चालू लागले.

ऊर्जा पुरवण्याचे काम बडोद्याच्या पालिकेला वर्ज्य होते असे नाही. 1972 पासून महानगरपालिकेने शहरात नळाने गॅस पुरवायला सुरुवात केली. 2013 मध्ये गेल गॅससोबतच्या भागीदारीतून वडोदरा गॅस लिमिटेड स्थापन होईपर्यंत तो पालिकेचाच उपक्रम होता. म्हणजे चुलीचा गॅस पालिकेचा आणि तिच्याच दिव्यातली वीज मात्र मंडळाची, 2005 नंतर त्याच्या जागी आलेल्या कंपनीची, अशी स्थिती चार दशके होती.

खांबावरची सीमारेषा

कामाची वाटणी समजण्यासाठी गल्लीतला विजेचा खांब पाहणे पुरेसे आहे. लघुदाबाच्या वाहिनीवर साधारणपणे पाच तारा असतात. तीन फेजच्या, एक न्यूट्रल आणि पाचवी फक्त रस्त्याच्या दिव्यांसाठी. ही पाचवी तार संध्याकाळी चालू आणि सकाळी बंद केली जाते. खांब आणि तारा वीज कंपनीच्या, त्यावर ठोकलेला ब्रॅकेट आणि दिवा पालिकेचा. रुंद रस्त्यांवर पालिका स्वतःचे खांब आणि भूमिगत केबल टाकते. तिथे कंपनीचे काम मीटरपाशी संपते.

गुजरात विद्युत नियामक आयोगाच्या दरपत्रकात रस्त्याच्या दिव्यांसाठी एसएल नावाचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यात ही सीमा आखून दिली आहे. दिवे, त्यांची फिटिंग, जोडतार, स्विच आणि टाइम स्विच यांची दुरुस्ती आणि बदल ग्राहकाने, म्हणजे स्थानिक संस्थेने, आपल्या खर्चाने आणि अधिकृत माणसाकरवी करायचे. खांबावरून जाणाऱ्या दिव्याच्या तारेची देखभाल वितरण कंपनीने करायची.

बिघाडाचे निदानही याच वाटणीने होते. रांगेतला एकच दिवा बंद असेल तर दोष बहुधा दिव्यात, म्हणजे पालिकेकडे. सगळी रांग अंधारात असेल तर तार तुटलेली किंवा फ्यूज उडालेला, तेव्हा कंपनीचा लाइनमन लागतो. दिवसाढवळ्या दिवे जळत असतील तर स्विच किंवा टायमर बिघडलेला. तक्रार करणाऱ्या नागरिकाला ही वाटणी ठाऊक असतेच असे नाही. त्यामुळे तक्रार एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यात दिवस मोडतात. पालिकेचा दिवे विभाग आणि कंपनीचे उपविभागीय कार्यालय यांचा रोजचा संपर्क म्हणूनच कागदावरच्या कलमांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

बिल हे सहकार्याचे दुसरे क्षेत्र. मीटर नसेल तिथे दिव्यांची संख्या, वॅट आणि जळण्याचे तास यांच्या गुणाकाराने बिल निघते. अशा हिशेबात बंद पडलेल्या दिव्याचेही पैसे लागतात आणि नोंद नसलेला दिवा फुकट जळतो, म्हणून संयुक्त मोजणी करावी लागते. मीटर बसल्यावर हा वाद मिटतो, पण दिवसा जळणाऱ्या दिव्याचा भुर्दंड थेट पालिकेवर येतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायती घरपट्टीसोबत दिवाबत्ती कर घेतात. त्याच्याही मुळाशी हाच हिशेब आहे: दिवा सर्वांचा, बिल एका संस्थेच्या नावावर.

1993 नंतर

1 जून 1993 रोजी अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची कामे नोंदवली. त्यांतील 17 व्या नोंदीत रस्त्यावरचे दिवे आहेत. वीज कायदा, 2003 नंतर राज्य मंडळांची फोड झाली आणि 1 एप्रिल 2005 पासून गुजरात वीज मंडळाची जागा स्वतंत्र कंपन्यांनी घेतली. निर्मिती आणि पारेषण वेगळे झाले आणि बडोद्याचे वितरण मध्य गुजरात वीज कंपनीकडे आले. महाराष्ट्रात त्याच वर्षी महावितरण अस्तित्वात आली. पालिकेच्या दृष्टीने समोरचा पक्ष मंडळाऐवजी कंपनी झाला आणि थकबाकी, मीटर, जोडणी यांचे नियम अधिक काटेकोर झाले.

दिवाही बदलला. साध्या बल्बनंतर ट्यूब, पाऱ्याच्या वाफेचे पांढरट दिवे, सोडियमचे पिवळे दिवे आणि मग एलईडी असा क्रम देशभर दिसतो. 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही सरकारी कंपनी दिवे आपल्या खर्चाने बसवते आणि वाचलेल्या विजेच्या पैशातून पालिका तिची फेड करते. अशा कामांत पालिका आणि पुरवठादार यांच्या जोडीला देखभालीचा कंत्राटदार हा तिसरा पक्ष येतो. बचत किती झाली हे मात्र वीज कंपनीच्या मीटरवरूनच ठरते.

या सहकार्याची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे 50 सेंटिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने मोठा भाग पाण्याखाली गेला. पाण्यात उभ्या खांबात वीज उतरण्याचा धोका असल्याने अशा वेळी सखल भागांचा पुरवठा बंद करावा लागतो. पाणी ओसरल्यावर पालिकेचे खांब, केबल आणि पॅनेल सुकून तपासले जाईपर्यंत दिवे लावता येत नाहीत. उजेड बंद करायला कंपनीचा हात पुरतो, तो परत आणायला दोन्ही संस्थांची माणसे एकाच खांबापाशी यावी लागतात.