गणिती स्वभावाचा शास्त्रलेखक

नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात येणारे वाचक र. धों. कर्वे यांना बंडखोर म्हणून ओळखतात. त्यांच्यातला शास्त्रलेखक मात्र दुर्लक्षित राहिला. पेशाने ते गणिताचे प्राध्यापक. मोघम बोलणे स्वभावातच नव्हते. १९२३च्या ‘संततिनियमन’ पुस्तकात त्यांनी साधनांची माहिती आडपडदा न ठेवता दिली. या कार्यापायी १९२५मध्ये नोकरी गेली. जुलै १९२७पासून १९५३पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना अश्लीलतेचे खटले झाले, १९३४मध्ये डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही शिक्षा टळली नाही. हा हट्ट त्यांना एकाकी करून गेला. परंतु मवाळ लेखकाने शब्द झाकले असते, आणि झाकलेल्या शब्दांतून बाळंतपणांनी पिचलेल्या बाईला नेमके काय करावे, हे कधीच उमगले नसते.