नाशिक आणि धातूच्या कठीणपणाची मोजणी

नाशिकला धातूची पारख जुनी आहे. तांबट आळीत आणि भांडी बाजारात तांब्या-पितळेचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. १८८३ च्या गॅझेटियरच्या नाशिक खंडातही त्याची दखल आहे. तांबे ठोकत गेले की कडक होते आणि त्याहून ठोकले तर चिरते, म्हणून तांबट ते मध्येच भट्टीत तापवून मऊ करून घेतो. ती वेळ कोणती, हे त्याला हातोडीच्या उसळीवरून आणि आवाजावरून कळते. या पारखेला आकड्याची गरज नव्हती, कारण घडवणारा आणि पारखणारा एकच होता.

आकडा आला १९०० मध्ये. स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी धातूवर पोलादी गोळी ठराविक भाराने दाबून उमटलेल्या खळग्यावरून कठीणपणा काढण्याची रीत मांडली. ॲल्युमिनियमचे भाग्य याच मोजणीने पालटले. १९०६ मध्ये बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म यांनी तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवले. त्याचा कठीणपणा लगेच मोजला तेव्हा कमी भरला. दोन-तीन दिवसांनी तोच तुकडा बराच कडक झालेला आढळला. दुराल्युमिन जन्मले ते असे, आणि विमानांची धातूची अंगे त्यातूनच शक्य झाली.

नाशिकला हे शास्त्र मिग विमानांबरोबर आले. सोव्हिएत परवान्याने मिग-२१ बांधण्यासाठी १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९६४ ला ती हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये विलीन झाली. इंजिने कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक साधने हैदराबादला आणि सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, अशी विभागणी ठरली. रेखाटन रशियातले आणि कारागीर निफाड-दिंडोरीकडचा, अशा कामात एकाच्या हातावर दुसऱ्याने विश्वास ठेवायचा तो चाचणीच्या आकड्यावरच. पुढे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनू लागले, डायकास्टिंगचे काम वाढले आणि हीच शिस्त छोट्या कारखान्यांतही आली.

पत्र्यापेक्षा कास्टिंगची परीक्षा अवघड असते. एलएम २५ हा नेहमीचा मिश्रधातू घ्यावा. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असते. साच्यात रस थिजताना आधी मऊ ॲल्युमिनियमच्या फांद्या वाढतात आणि उरलेल्या जागेत ठिसूळ सिलिकॉन साचते. जाड भाग सावकाश थंड होतो म्हणून तिथल्या फांद्या जाड, पातळ भागात त्या बारीक. त्यामुळे एकाच कास्टिंगची ताकद जागोजागी बदलते, आणि वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारवरून प्रत्यक्ष भागाचा अंदाज दर वेळी बरोबर येत नाही.

येथे ब्रिनेलची गोळी मोठी पडते. ५ मिलिमीटरची गोळी २५० किलोच्या भाराने दाबली तर खळगा जवळपास २ मिलिमीटरचा होतो. फांद्यांमधले अंतर मात्र काही दशक मायक्रॉनांचे. म्हणून १९२० च्या दशकात इंग्लंडच्या विकर्स कंपनीत निघालेली हिऱ्याच्या पिरॅमिडची पद्धत पुढे हलक्या भारावर आणली गेली. नमुना कापून आरशासारखा घासतात, सूक्ष्मदर्शकाखाली फांदी निवडतात आणि १० ग्रॅमचा भार देतात. ८० विकर्सच्या धातूवर ठशाचा कर्ण १५ मायक्रॉन भरतो. तो वाचताना एका मायक्रॉनची चूक झाली तरी उत्तर १२-१३ टक्क्यांनी चुकते. पॉलिश करताना पृष्ठभाग दबून कडक झाला असेल, तर आकडा फुगतो. या कामाला तांबटाइतकाच सराव लागतो.

ठसा आणखी लहान झाला की कर्ण वाचणेच अशक्य होते. त्यावर उपाय म्हणून हिरा किती खोल शिरला हे यंत्रच सतत नोंदवते आणि भार काढतानाच्या वळणावरून कठीणपणा व लवचिकता दोन्ही काढता येतात. ऑलिव्हर आणि फार यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही रीत आज नॅनोइंडेंटेशन म्हणून रूढ आहे. तिने सिलिकॉनचा कण आणि शेजारचे ॲल्युमिनियम वेगवेगळे मोजले की सिलिकॉन सुमारे दहापट कठीण निघते. अशी यंत्रे मुख्यतः आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत असतात. कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिनेल आणि ताणचाचणी यांचेच काम जास्त, आणि ते योग्यही आहे: कास्टिंग बहुधा तुटते ते आतल्या पोकळीपासून, म्हणजे ब्लोहोलपासून, आणि फांदीवर दाबलेल्या हिऱ्याला तो दिसत नाही.