गिरण्या बंद पडल्या म्हणून टोळ्या आल्या का?

मुंबईच्या टोळ्यांचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: गिरण्या बंद पडल्या, पोरं बेकार झाली, टोळ्यांत गेली. त्यात तथ्य आहे, पण तारखा जुळत नाहीत. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. हाजी मस्तान आणि वरदराजन मुदलियार ही नावं त्याआधीच, सत्तरच्या दशकात गाजत होती. मग त्यांना कुणी उभं केलं?

इथे कायदे बघावे लागतात. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा घ्या. आपल्या बडोदा-सुरतच्या श्रोत्यांना तो वेगळा सांगायला नको. राज्यं वेगळी झाल्यावर गुजरातने तो चालूच ठेवला. दारू बंद झाली, पिणारे होतेच. हातभट्ट्या लागल्या. भट्टी म्हटली की माल पोचवणारे आले, राखणारे आले, हप्ता घेणारेही आले. वरदराजन वर आला तो याच धंद्यातून. सोन्याचंही तेच. १९६३च्या नियमांनी १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला मनाई केली. आता मला सांगा, लेकीच्या लग्नात १४ कॅरेटचं मंगळसूत्र कोण करणार? ती अट पुढे सुटली, पण १९६८ला सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि दुबईचं सोनं चोरून किनाऱ्याला लागतच राहिलं. अमेरिकेनेही १९२० ते १९३३ दारूबंदी करून हेच पाहिलं होतं. अभ्यासकांच्या भाषेत हा बेकायदा बाजाराचा सिद्धान्त: मागणी तशीच राहते, पुरवठा गुन्हा ठरतो, आणि टोळी ही त्या व्यापाराची पेढी बनते.

बेकारीचं उत्तर मुळात रॉबर्ट मर्टनचं, १९३८चं. समाज स्वप्न सगळ्यांना एकच दाखवतो, तिथे जायची वाट मात्र सगळ्यांना देत नाही. मग काही जण आडवाट धरतात. पण अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरांनी भाजी विकली, गावची वाट धरली, मिळेल ते काम केलं. टोळीत गेली ती थोडी. १९६०मध्ये क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी म्हटलं होतं की आडवाटही समोर असावी लागते, शिकवणारा कुणी लागतो. गिरणगावात १९८२ला तो गल्लीत हजर होता.

पुढचं कोडं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९०मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, लवकरच आयातही सैल झाली. सोन्याच्या तस्करीतला नफा आटला. तरी टोळ्या विरल्या नाहीत, खंडणीकडे वळल्या. १२ ऑगस्ट १९९७ रोजी गुलशन कुमार यांची हत्या झाली.

डिएगो गॅम्बेटा यांनी १९९३च्या पुस्तकात सिसिलीच्या माफियाबद्दल लिहिलं की तो मुळात संरक्षण विकतो. जिथे दिलेला शब्द पाळायला लावणारं सरकार नसतं, तिथे त्याला गिऱ्हाईक असतं. मुंबईत १९४७चा भाडे नियंत्रण कायदा होता, आणि जागेचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालत. जागा रिकामी करून हवी, अडकलेली रक्कम वसूल करायची, की माणसं ‘भाई’कडे जात. १९९९ला मकोका आला, टोळीवाल्यांना जामीन मिळणं अवघड झालं. भाईकडे काम घेऊन जाणाऱ्याचा दावा मात्र लवकर निकालात काढायची तरतूद त्यात नव्हती.