मोडेम फर्मवेअर अपडेट केल्याने मोबाइलची रेंज खरंच वाढते का?

घरात शिरलं की रेंज जाते आणि गॅलरीत आलं की परत येते. बोलता बोलता आवाज तुटतो, ओटीपी वेळेवर येत नाही. अशात फोनवर एखादा व्हिडिओ समोर येतो: 'मोडेमची ही नवी फाइल टाका, रेंज दुप्पट होईल.' खाली शेकडो लोकांनी 'थँक यू भाऊ' लिहिलेलं असतं.

यात तथ्य आहे का? थोडं आहे. मोडेमचं फर्मवेअर अपडेट केल्याने काही फोनची रेंज सुधारते, पण ती कधी सुधारते आणि कधी नाही हे माहीत नसेल तर नुकसान होऊ शकतं. चुकीची फाइल टाकली तर फोन सिम ओळखणंच बंद करू शकतो.

मोडेम म्हणजे नेमकं काय?

स्मार्टफोनमध्ये एक नाही, दोन कम्प्युटर असतात असं म्हटलं तरी चालेल. एकावर अँड्रॉइड किंवा आयओएस चालतं आणि आपली सगळी अ‍ॅप्स त्यावर असतात. दुसरा फक्त मोबाइल टॉवरशी बोलतो. तोच मोडेम, ज्याला बेसबँड प्रोसेसर असंही म्हणतात. तो कधी मुख्य चिपमध्येच असतो, तर कधी वेगळी चिप असते. क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग या कंपन्या मोडेम बनवतात. अ‍ॅपलनेही २०२५ मध्ये आयफोन १६ई मध्ये सी१ नावाचा स्वतःचा मोडेम वापरला.

या दुसऱ्या कम्प्युटरचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, तेच मोडेम फर्मवेअर. आसपासच्या टॉवरचे सिग्नल मोजणं, त्यातला एक निवडणं, गाडी पुढे गेली की कॉल न तोडता दुसऱ्या टॉवरवर उडी मारणं, किती ताकदीने सिग्नल पाठवायचा ते ठरवणं ही त्याची कामं. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'च्या आत 'बेसबँड व्हर्जन' दिसतं. ती याच फर्मवेअरची आवृत्ती.

अपडेटने काय सुधारू शकतं?

मोडेमचे निर्णय सुधारू शकतात. काही फोन लांबच्या, कमजोर टॉवरला चिकटून बसतात आणि जवळचा चांगला टॉवर सोडून देतात. काही फोन ४जी आणि ५जी यांच्यात सतत उड्या मारत राहतात, त्यामुळे बॅटरीही संपते. लिफ्टमधून किंवा बोगद्यातून बाहेर आल्यावर नेटवर्क पकडायला वेळ लावतात. हे दोष फर्मवेअरमध्ये असतील तर अपडेटने जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइल कंपनीच्या सेटिंग्ज. कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर ४जी कॉलिंग चालू ठेवायचं, कोणते बँड एकत्र वापरायचे, ५जी सुरू करायचं की नाही, याची माहिती फोनमध्ये साठवलेली असते. ती जुनी असेल तर चांगला फोनही अर्धवट चालतो.

याचं मोठं उदाहरण भारतानेच पाहिलं. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झालं. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि नागपूर होती. पण अनेकांच्या हातातल्या '५जी फोन'वर ५जी येईना. मोडेम तयार होता, कंपन्यांनी तो भारतातल्या नेटवर्कसाठी सॉफ्टवेअरमधून सुरू केलेला नव्हता. आयफोनवर ते डिसेंबर २०२२ मधल्या आयओएस १६.२ अपडेटनंतर आलं. हार्डवेअर तेच, टॉवरही तेच, फरक पडला तो अपडेटचा.

काय सुधारू शकत नाही?

फोनचा अँटेना, त्याच्यामागची फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर या वस्तू आहेत. सॉफ्टवेअरने त्या बदलत नाहीत. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे बँड २८ वरही चालतं. तुमच्या फोनमध्ये बँड २८ साठीची यंत्रणाच नसेल, तर कोणतंही फर्मवेअर ती आणून देणार नाही.

सिग्नल पाठवण्याची ताकदही ठरलेली असते. ४जी फोन सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ०.२ वॉट इतक्या ताकदीने सिग्नल पाठवतो. टॉवरची ताकद त्याच्या कितीतरी पट असते. म्हणून कधी कधी रेंज दिसते, समोरच्याचा आवाज आपल्याला येतो, पण आपला आवाज तिकडे पोचत नाही. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं टॉवरला ऐकू जात नाही.

काँक्रीटच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, मधला डोंगर, टॉवरवरची गर्दी, वीज गेल्यावर टॉवरची उतरलेली बॅटरी यांवर तर फोनमधल्या अपडेटचा काहीच इलाज चालत नाही. फोनला धातूचं कव्हर असेल किंवा मागे गाडीच्या स्टँडची लोखंडी पट्टी चिकटवलेली असेल, तर आधी ती काढून पाहा.

दांड्या वाढल्या म्हणजे रेंज वाढली का?

नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोनचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा असतो.

२०१० मध्ये आयफोन ४ बाजारात आला, तेव्हा फोन डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर धरला की रेंज पडते अशी ओरड झाली. अ‍ॅपलने २ जुलैला जाहीर केलं की दांड्या मोजण्याचं आपलं सूत्रच चुकलं होतं आणि अनेकदा फोन दोन दांड्या जास्त दाखवत होता. १५ जुलैला आलेल्या आयओएस ४.०.१ ने ते सूत्र दुरुस्त केलं. दांड्या खऱ्या झाल्या, पण अँटेना तोच राहिला. उलटही करता येतं: सूत्र सैल केलं की काहीही न सुधारता दांड्या वाढतात. अपडेटनंतरचे 'आधी दोन, आता चार' असे स्क्रीनशॉट म्हणूनच पुरावा होत नाहीत.

खरं मोजमाप डीबीएम या एककात असतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'मध्ये 'सिम स्टेटस'च्या आत 'सिग्नल स्ट्रेंथ' दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केल्यावर फील्ड टेस्ट उघडते आणि त्यात आरएसआरपी हा आकडा असतो. आकडा उणे असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी ढोबळ अंदाज असा:

- उणे ९० किंवा त्याहून चांगला: रेंज चांगली.
- उणे ९० ते उणे १००: काम भागतं.
- उणे १०० ते उणे ११०: कमजोर, घरात शिरल्यावर त्रास होणार.
- उणे ११० च्या खाली: कॉल तुटण्याची शक्यता, उणे १२० च्या आसपास नेटवर्क जवळपास नाहीच.

दहाचा फरक म्हणजे सिग्नलमध्ये दहापट फरक. उणे ९० आणि उणे ११० यांत शंभरपट अंतर आहे. एक-दोन अंकांचा फरक मात्र हात हलला तरी पडतो. त्यावरून अपडेट चांगलं की वाईट ते ठरवू नका.

आधी दोष कुणाचा ते शोधा

यासाठी दुकानात जायची गरज नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन घ्या. रेंज जिथे जाते त्याच जागी उभे राहून आपलं सिम त्या फोनमध्ये टाका, एक-दोन मिनिटं थांबा आणि आकडा पाहा. दोन्ही फोन ४जीवर असतील याची खात्री करा, कारण ४जी आणि ५जीचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

- दुसऱ्या फोनमध्येही रेंज तितकीच वाईट असेल, तर दोष नेटवर्कचा किंवा जागेचा. मोडेम अपडेट करून उपयोग नाही.
- दुसऱ्या फोनमध्ये रेंज चांगली असेल, तर दोष तुमच्या फोनचा. अपडेटने फरक पडू शकतो.
- दुसऱ्याच्या त्याच कंपनीच्या सिमला चांगली रेंज आणि तुमच्या सिमला दोन्ही फोनमध्ये वाईट असेल, तर सिम बदलून घ्या.

फोन पडल्यानंतर किंवा स्क्रीन बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर अँटेनाची वायर सैल झाली असण्याची शक्यता असते. तो प्रश्न दुरुस्तीचा आहे. त्रास अपडेटच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला असेल, तर संशय सॉफ्टवेअरवर घ्या.

अपडेट करायचं कसं?

मोडेम फर्मवेअर वेगळं शोधून टाकावं लागत नाही. ते फोनच्या नेहमीच्या सिस्टीम अपडेटबरोबरच येतं.

१. फोनचा बॅकअप घ्या, बॅटरी निम्म्याहून जास्त चार्ज करा आणि वाय-फायला जोडा.
२. आताचं 'बेसबँड व्हर्जन' आणि रेंजचा आकडा लिहून ठेवा.
३. सेटिंग्जमध्ये 'सॉफ्टवेअर अपडेट' किंवा 'सिस्टीम अपडेट'मध्ये जाऊन अपडेट करा.
४. आयफोन असेल तर 'जनरल'मध्ये 'अबाउट' उघडून थोडा वेळ थांबा. मोबाइल कंपनीच्या सेटिंग्जचं नवं अपडेट असेल तर तिथेच विचारणा होते.
५. फोन बंद करून चालू करा, त्याच जागी उभे राहा आणि आकडा पुन्हा पाहा.

फरक पडला नाही तर 'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' करून पाहा. फोटो आणि मेसेज जात नाहीत, पण वाय-फायचे साठवलेले पासवर्ड जातात, ते आधी लिहून घ्या.

वेगळी मोडेम फाइल टाकण्यात धोका काय?

सॅमसंगच्या फर्मवेअरमध्ये 'सीपी' नावाची फाइल मोडेमची असते, पिक्सेलमध्ये 'रेडिओ' नावाची. फोनचा बूटलोडर उघडून किंवा कम्प्युटरला जोडून ती एकटी टाकता येते. व्हिडिओंमध्ये हेच दाखवतात. पण ती फाइल नेमक्या त्याच मॉडेलची, त्याच देशाच्या आवृत्तीची आणि फोनमधल्या बाकीच्या सॉफ्टवेअरशी जुळणारी असावी लागते. एकाच नावाच्या फोनचे भारतातले आणि परदेशातले मॉडेल वेगळे असू शकतात. शिवाय अनेक फोन नव्यावरून जुन्या आवृत्तीवर परत जाऊ देत नाहीत, म्हणजे चूक झाली तर मागे वळायचा रस्ता बंद.

सगळ्यात मोठी भीती आयएमईआयची. हा १५ अंकी क्रमांक म्हणजे नेटवर्कसाठी तुमच्या फोनची ओळख. मोडेमशी संबंधित भाग बिघडला तर हा क्रमांक दिसेनासा होऊ शकतो. मग सिम असूनही कॉल लागत नाही. आपला क्रमांक *#०६# डायल करून आताच लिहून ठेवा. तो गेला तर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा. 'दुसऱ्या फोनचा नंबर टाकून देतो' असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार अशा ओळख क्रमांकात फेरफार करणं गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कंपनीचं अपडेटही चुकू शकतं का?

हो. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आलेल्या आयओएस ८.०.१ ने आयफोन ६ आणि ६ प्लसचं नेटवर्कच घालवलं. अ‍ॅपलने ते तासाभरात मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ८.०.२ दिलं. गूगलनेही पिक्सेल ६ चं डिसेंबर २०२१ चं अपडेट कॉल तुटण्याच्या तक्रारींनंतर थांबवलं आणि पुढच्या महिन्यात दुरुस्ती दिली. म्हणून प्रवासाच्या किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेट करू नका. चार दिवस थांबलात तरी चालेल.

पण महिनोन्‌महिने टाळूही नका, रेंज उत्तम असली तरी. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या पथकाने सॅमसंगच्या एक्सिनॉस मोडेममधले १८ सुरक्षा दोष जाहीर केले. त्यातले चार इतके गंभीर होते की हल्लेखोराला फक्त तुमचा मोबाइल नंबर माहीत असणं पुरेसं होतं. तुम्ही कुठेही क्लिक करायची गरज नव्हती. त्यावरचा कायमचा उपाय एकच होता: कंपनीने दिलेलं अपडेट.

दोष नेटवर्कचा असेल तर?

घरात वाय-फाय असेल तर फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करा. टॉवरची रेंज नसली तरी कॉल वाय-फायवरून जातो. भारतात एअरटेल आणि जिओने ही सोय २०१९-२० च्या सुमारास सुरू केली.

आपल्या मोबाइल कंपनीकडे १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. फक्त 'रेंज नाही' असं सांगू नका. जागा, वेळ, डीबीएमचा आकडा आणि दोन फोनवर तपासून पाहिल्याचं सांगा. सिम दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा विचार असेल, तर त्या कंपनीचं सिम असलेला पाहुण्याचा फोन आधी आपल्या घरात तपासून घ्या.

ऑनलाइन मिळणारे 'सिग्नल बूस्टर' घेऊ नका. परवानगीशिवाय ते वापरणं बेकायदा आहे, आणि त्यांच्यामुळे आसपासच्या लोकांची रेंज बिघडते.

आणि एक लक्षात ठेवा. स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल, तर तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुणाचा तरी पोचतो आहे. अशा वेळी ११२ लावून पाहा, तो लागू शकतो.