रिकाम्या समुद्राचे वारसदार

इ. स. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजे व्हँकुव्हर बेटाजवळच्या नूटका खाडीत थांबली. तेथे खलाशांनी किरकोळ वस्तूंच्या मोबदल्यात घेतलेल्या कातड्यांना पुढे चीनमध्ये अनपेक्षित भाव मिळाला. ही कातडी सी ऑटरची, म्हणजे समुद्री पाणमांजराची होती. या प्राण्याच्या अंगात चरबीचा थर नसतो. दाट केसच त्याचे थंडीपासून रक्षण करतात आणि तेच त्याच्या मुळावर आले. १७८५ च्या अखेरीस आपल्या मुंबई बंदरातूनही दोन जहाजे या व्यापारासाठी नूटकाकडे निघाली होती. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने या प्राण्याला संरक्षण दिले खरे, पण फार उशिरा. कॅनडाच्या या किनाऱ्यावरील शेवटचे ज्ञात पाणमांजर १९२९ मध्ये मारले गेले.

पाणमांजर रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा अन्न खाते: खेकडे, शिंपले, काटेरी सी अर्चिन. खाणाराच नाहीसा झाल्यावर हे सारे जीव माजले. अर्चिनांनी केल्प या उंच समुद्रवनस्पतीची जंगले फस्त केली. माणसाला मात्र समुद्र सढळ झालेला दिसला. १९७० च्या दशकात येथे अर्चिनांची आणि जिओडक या महाकाय शिंपल्याची व्यापारी मासेमारी सुरू झाली. ज्याला निसर्गाची देणगी समजले गेले, ती बऱ्याच अंशी फर-व्यापाराने मागे ठेवलेली मिळकत होती.

तिचा जुना धनी परतला. १९६९ ते १९७२ या काळात अलास्कातून ८९ पाणमांजरे आणून बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर सोडण्यात आली. आज त्यांची संख्या काही हजारांत आहे. जिथे ती पोचतात तिथे अर्चिन, खेकडे व शिंपले झपाट्याने घटतात. मात्र प्रत्येक ऱ्हासाचे खापर त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. अबालोनी या शंखवर्गीय प्राण्याची मासेमारी १९९० मध्ये बंद करावी लागली, ती माणसाच्याच अतिरेकामुळे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचा हिशेब मांडला. कवचधारी जीवांच्या मासेमारीचे नुकसान वर्षाला सुमारे ७० लाख कॅनेडियन डॉलर. उलट केल्पच्या पुनरुज्जीवनामुळे वाढणारे मासे, साठवला जाणारा कार्बन आणि मुख्यतः पर्यटन यांतून संभाव्य लाभ सुमारे ५ कोटी ३० लाख. बेरीज निर्विवाद वाटते. परंतु जमेची बाजू एकाच्या खात्यावर आणि खर्चाची दुसऱ्याच्या, असे असेल तर या बेरजेला न्याय म्हणता येईल का? पर्यटकांच्या नावेचा मालक आणि ओहोटीला शिंपले वेचून घर चालवणारी बाई या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात.

येथील नू-चा-नुल्थ लोकांचे पूर्वज पाणमांजरांची शिकार करीत, आणि वस्तीजवळचे शिंपल्यांचे किनारे अशा शिकारीने राखले जात असावेत, असे पुरातत्त्वीय पुरावे सुचवतात. म्हणजे फर-व्यापारापूर्वीचा समुद्र माणसावाचूनचा नव्हता. माणूस आणि पाणमांजर दोघेही तेथे जेवत होते. व्यापाराने प्राणी नेला आणि त्याच्याशी वागण्याची ही रीतही मोडली. प्राणी परत आणता आला. त्या रीतीचा विचार मात्र, प्राणी परत आणताना, त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना बरोबर घेऊन व्हायला हवा होता.