वाळूच्या महासागरातील मोटारी

लांबच्या प्रवासाची तयारी म्हटली की पूर्वी आपल्या घरी ट्रंका, वळकट्या आणि फराळाचे डबे यांची रास पडत असे. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कैरो येथे हीच तयारी उलट्या टोकाने आरंभिली. १९२६ साली तो इजिप्तमध्ये आला आणि रजेच्या दिवसांत चारदोन मित्रांसह फोर्डच्या ‘टी’ जातीच्या मोटारी वाळवंटात नेऊ लागला. मोटारीत काय भरावे याआधी तिच्यातून काय उतरवावे, हा त्याचा पहिला प्रश्न. सोयीचे व शोभेचे जे जे, ते काढून मागे लाकडी खोका बसविला, म्हणजे तेवढे पेट्रोल व पाणी अधिक नेता येई.

पाण्याचा हिशेब हाच तेथे जिवाचा हिशेब होता. मऊ वाळूत इंजिन तापते, रेडिएटरमधील पाणी वाफ होऊन उडून जाते, आणि माणसांच्या वाटणीचे पाणी मोटार पिऊन टाकते. त्यावर योजना अशी, की रेडिएटरमधून एक नळी काढून ती बाजूस बांधलेल्या, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या डब्यात बुडवावयाची. वाफ तेथे निवून पुन्हा पाणी होई. डब्यातील पाणीही उकळू लागले, की मोटार वाऱ्याकडे तोंड करून उभी करावयाची. इंजिन जरा निवले, की आत पोकळी होऊन डब्यातील पाणी गुळगुळ आवाज करीत आपोआप माघारी जाई. आमच्या विद्यार्थ्यांस हा धडा पहिल्याच वर्षी पाठ होतो. त्यावर जीव टांगण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावर येत नाही.

मोटारीच्या लोखंडामुळे होकायंत्र भरकटते. म्हणून अंश आखलेल्या आडव्या तबकडीच्या मध्यावर उभी सुई रोवून, सूर्य सरकेल तसतशी तबकडी फिरवीत, सुईच्या सावलीवरून दिशा राखीत. या युक्त्या सर्वस्वी नव्या नव्हत्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गस्ती तुकड्या अशाच फोर्ड मोटारी घेऊन या भागात हिंडल्या होत्या. आणि नकाशावरील कोऱ्या जागांतून उंटांचे तांडे तर त्याहून कितीतरी आधीपासून जात होते. ‘अज्ञात प्रदेश’ हा शब्द इंग्रजी ग्रंथांत वाचताना आम्हांस हे तांडे नेहमी आठवतात.

परंतु तीनशे फूट उंचीच्या वाळूच्या टेकड्यांवर मोटार चढविणे, हे बॅग्नोल्डचेच धाडस. १९२९-३० च्या मोहिमांत त्याने ताडले, की वाऱ्याने दाबून बसविलेली वाळू भार सोसते. टायरांतील हवा कमी करून, भरधाव वेगाने सरळ टेकडीवर चाल केली, तर मोटार वर जाते; मध्येच कचरला, तो रुतला. शिवाय माथ्यापलीकडे उतार कसा आहे हे खालून दिसत नाही, तेव्हा तेथे वेग आवरलाच पाहिजे. रुतलेल्या चाकांखाली घालण्यास पाचपाच फूट लांबीच्या पोलादी पन्हळी त्याला कैरोतील एका भंगाराच्या दुकानात मिळाल्या. महायुद्धातील भुयारी आसऱ्यांच्या छपरांसाठी त्या बनविल्या होत्या.

वाळूच्या कणांचे त्याला पुढे वेडच लागले. १९३५ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन त्याने लंडनमध्ये कृत्रिम वारा सोडणारा बोगदा उभारून प्रयोग केले. त्यांवरील ग्रंथ १९४१ साली निघाला. तोवर दुसरे महायुद्ध वाळवंटात पोचले होते. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरताच सेनापती वेव्हेल यांनी बॅग्नोल्डला सहा आठवड्यांत तुकडी उभारण्यास सांगितले. त्याने कैरोत व आसपास मिळाले ते शेव्हरोले ट्रक गोळा केले, त्यांची छपरे व दारे उतरविली, पाण्याचे डबे बसविले, आणि जेथे पूर्वी तंबू व बिछाने बांधीत तेथे मशिनगनी आल्या. सहलीसाठी भंगारातून उचललेल्या त्या पोलादी पन्हळींसारख्याच पन्हळी पुन्हा लष्कराच्या सामानात दाखल झाल्या.